शेवटचा क्रमांक

गुरुवार, ८ नोव्हेंबर २०१८, दिवाळी पाडवा. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन झालेलं, दुसऱ्या दिवशी भाऊबीज. जुन्नर तालुक्यात मढपासून ओतूरपर्यंत दिवेलागणीनंतर औक्षणाची गडबड असते ती याच संध्याकाळी, आणि व्यापारी नव्या वहीचं पहिलं पान उघडतात तेही याच दिवशी. त्याच दिवशी तिकडे शिकागोत बेसकॅम्प नावाच्या कंपनीच्या एका टेबलातले क्रमांक संपले. यंत्रं धडधाकट होती, वीज होती, नेटवर्क होतं. पुढच्या ओळीला द्यायला क्रमांक तेवढा उरला नव्हता. जगभरच्या कंपन्या आपलं रोजचं काम जिथे लिहून ठेवतात ती सेवा त्यामुळे जवळजवळ पाच तास नुसती वाचण्यापुरती उरली.

वेबसाइटवर कोण आलं, कधी आलं, काय पाहून गेलं याची नोंद ठेवणारं टेबल जो कोणी बनवतो, त्याने हा घटनाक्रम एकदा घड्याळ समोर ठेवून वाचावा असं मला मनापासून वाटतं. असल्या टेबलाचा अपघात टेबल लिहिलं त्याच दिवशी ठरलेला असतो. दिसतो मात्र कैक वर्षांनी. खालच्या वेळा सगळ्या आपल्या घड्याळाच्या आहेत. शिकागो त्या दिवसांत आपल्या साडेअकरा तास मागे होतं.

डिसेंबर २०१४. चार वर्षं आधी

साय या कोरियन गायकाचा ‘गंगनम स्टाइल’ हा व्हिडिओ यूट्यूबवर इतक्या वेळा पाहिला गेला, की आकडा २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे सरकला. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. संगणकात साध्या पूर्णांकाला ३२ बिट मिळतात. त्यातला एक बिट अधिक-उणे सांगण्यात जातो आणि उरलेल्या ३१ मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. गूगलने मोजणीची जागा आधीच ६४ बिटांची करून ठेवली होती, त्यामुळे काही बिघडलं नाही. वर्तमानपत्रांनी गंमत म्हणून बातमी छापली. ही बातमी वाचून आपल्या टेबलांची तपासणी किती जणांनी केली असेल?

यूट्यूबचा तो आकडा म्हणजे नुसता गणक होता: एकच खाना, प्रत्येक वेळी त्यात एक मिळवायचा. आपल्याकडे नाणेघाटाच्या माथ्यावर जो दगडी रांजण आहे, त्यात घाट चढून येणारे व्यापारी जकात टाकत अशी समजूत आहे. संध्याकाळी रांजणात किती जमलं ते कळणार. कोण आलं, काय माल घेऊन आलं, तोच माणूस परत आला का, हे रांजण सांगणार नाही. वेबसाइटच्या गणकाचंही तसंच. शिवाय एकाच वेळी शंभर माणसं आली की सगळ्यांना त्या एकाच ओळीत लिहायचं असतं, आणि डेटाबेस त्यांना एकामागे एक थांबवून ठेवतो. म्हणून शहाणा माणूस गणक सोडून नोंदीकडे वळतो. प्रत्येक भेटीला एक ओळ, प्रत्येक ओळीला एक क्रमांक. आणि इथेच तो आकडा नव्या दाराने आत येतो.

नोव्हेंबर २०१५. तीन वर्षं आधी

‘बेसकॅम्प ३’ ही नवी आवृत्ती बाजारात आली. तिच्या डेटाबेसमध्ये ‘इव्हेंट्स’ नावाचं टेबल होतं. कोणी निरोप लिहिला, कोणी काम पूर्ण झाल्याची खूण केली, कोणी फाइल चढवली, प्रत्येक हालचालीची एक ओळ या टेबलात. ओळीच्या क्रमांकाचा कॉलम साध्या पूर्णांकाचा होता, ३२ बिटांचा. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे टेबल बनवलं की असाच कॉलम आपोआप मिळत असे. चूक केली असं कोणाला वाटण्याचं कारणच नव्हतं.

एप्रिल २०१७. दीड वर्ष आधी

बेसकॅम्प ज्या ‘रूबी ऑन रेल्स’ चौकटीवर उभं आहे, तिची ५.१ ही आवृत्ती निघाली. तिच्यापासून नव्या टेबलांना क्रमांकासाठी आपोआप ‘बिगइंट’, म्हणजे ६४ बिटांचा कॉलम मिळू लागला. रेल्सचे जनक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन हे बेसकॅम्पचेच भागीदार. धोका माहीत होता, उपाय घरातच तयार झाला होता, साऱ्या जगाला वाटलाही होता. फक्त तो नव्या टेबलांपुरता होता. जुनं टेबल आपण होऊन रुंद होत नाही; कोणीतरी उठून ते करावं लागतं. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जास्त चटका लावणारी जागा हीच आहे.

८ नोव्हेंबर २०१८, संध्याकाळी ५:५१. एक तास आधी

काहीच घडत नाही. भरत आलेली डिस्क आधी कुरकुरते, जड झालेली क्वेरी रेंगाळते. क्रमांक संपत आलेलं टेबल मात्र शेवटच्या ओळीपर्यंत पहिल्या दिवशीच्याच वेगाने चालतं. लंडनमध्ये दुपारचे बारा वाजून गेलेत आणि युरोपातली कचेऱ्यांची कामं ऐन भरात आहेत. शिकागोत अजून पुरतं उजाडलेलं नाही. प्रत्येक क्लिकमागे एक क्रमांक जातो आहे.

संध्याकाळी ६:५१

२,१४,७४,८३,६४७ ही ओळ लिहिली गेली. पुढची ओळ लिहिता आली नाही. पहिले इशारे वाजले.

अशा वेळी डेटाबेस काय म्हणतो ते पाहण्यासारखं आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये क्रमांकाचा कॉलम टोकाला पोचला की यंत्र पुढच्या ओळीला पुन्हा तोच शेवटचा क्रमांक देऊ पाहतं, आणि ती ओळ आधीच असल्यामुळे चूक दाखवतं ती ‘दुहेरी नोंद’ अशी. ‘जागा संपली’ असं कुठेही लिहून येत नाही. पहाटे झोपेतून उठून पडद्यासमोर बसलेला माणूस आधी दुहेरी नोंद कोण करतंय ते शोधत बसेल, आणि त्यात त्याचा अर्धा तास सहज जाईल.

६:५९

बेसकॅम्पच्या मंडळींनी आठ मिनिटांत दुखणं ओळखलं. हे कौतुकाचं आहे. सेवा ‘फक्त वाचन’ स्थितीत गेली होती: जुने निरोप, फाइली, तारखा सगळं दिसत होतं, नवं काहीच लिहिता येत नव्हतं. उपायही उघड होता. कॉलम ३२ चा ६४ बिटांचा करायचा. एका ओळीची आज्ञा.

७:२२

चाचणीच्या डेटाबेसवर उपाय तपासून झाला आणि खऱ्या टेबलावर काम सुरू झालं. आज्ञा एका ओळीची असली तरी कॉलमची रुंदी बदलायची म्हणजे डेटाबेसला प्रत्येक ओळ नव्या मापाने पुन्हा लिहावी लागते, आणि तिच्यावरचे इंडेक्सही नव्याने रचावे लागतात. दोनशे चौदा कोटी ओळी. या कामाची घाई करता येत नाही.

आता तीन तास वाट पाहायची. तेवढ्यात मढसाठी एक टेबल लिहून पाहू.

याच २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. कल्याणहून माळशेज घाट चढून वर आलं की खुबी फाटा, पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी, खिरेश्वर, हरिश्चंद्रगडाची वाट, आणि तसंच पुढे आलं की मढ. समजा, इथल्या एका कृषी पर्यटन केंद्राची वेबसाइट आहे आणि चालवणाऱ्या कुटुंबाला जाणून घ्यायचं आहे, की लोक कुठून येतात, काय वाचतात, कोणत्या पानावरून परत जातात.

पहिला मोह सगळं एकाच टेबलात कोंबण्याचा. वेळ, आयपी पत्ता, पानाचा पत्ता, ब्राउझरचं नाव, गाव. पहिल्या महिन्यात ते झकास चालतं. पण ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो ती शंभरावर अक्षरांची ओळ असते, आणि तीच ओळ प्रत्येक क्लिकला जशीच्या तशी लिहिली जाते. पानाचं नाव बदललं की जुन्या हजारो ओळींत जुनं नाव तसंच राहतं. म्हणून टेबलं वेगळी करायची: पानांचं एक, ब्राउझरच्या वर्णनांचं एक, पाहुण्यांचं एक, भेटींचं एक, आणि शेवटी प्रत्यक्ष पाहणीचं, ज्यात फक्त कोणत्या भेटीत कोणतं पान किती वाजता एवढेच आकडे. बाकीचा मजकूर एकदाच लिहायचा आणि क्रमांकाने जोडायचा. रिलेशनल डेटाबेसचं सारं बळ या जोडण्यात आहे.

पाहुणा म्हणजे कोण, हा प्रश्न मात्र टेबल सोडवत नाही. आयपी पत्ता म्हणजे माणूस नव्हे. मोबाइल कंपन्या कितीतरी फोन एकाच पत्त्याआड उभे करतात, आणि घाटात रेंज जाऊन परत आली की त्याच फोनला दुसरा पत्ता मिळू शकतो. कुकीत एक यादृच्छिक खूण ठेवली तर जरा बरं, पण तीही फोनातल्या ब्राउझरची खूण. घरातली चार माणसं एकच फोन वापरत असतील तर टेबलाला ती एकच दिसतात. मी तर या टेबलाला ‘पाहुणे’ म्हणण्याऐवजी सरळ ‘ब्राउझर-खुणा’ म्हणेन. टेबलाच्या नावात खोटं असलं की पुढे अहवालात ते सत्य होऊन बसतं.

भेटीचंही तेच. अर्धा तास हालचाल नसली की भेट संपली, असा सर्वसाधारण प्रघात आहे. कोणी कल्याणहून निघताना पान उघडलं, घाटात रेंज गेली, चाळीस मिनिटांनी खुबी फाट्याला परत उघडलं. नियमाने या दोन भेटी झाल्या, खऱ्या अर्थाने एकच. नियम कोणताही घ्या, पण तो लिहून ठेवा, कारण दोन वर्षांनी आकडे पाहणारा माणूस दुसराच असेल.

गावाचा कॉलम तर फारच फसवा. जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आहे आणि पारगाव तर्फे मढही आहे. महसूल खात्याने कधीच ओळखलं होतं की नुसतं ‘पारगाव’ लिहून भागणार नाही. गाव आणि तर्फ दोन्ही मिळून ओळख पटते. डेटाबेसवाले यालाच संयुक्त की म्हणतात. खुद्द ‘मढ’ मुंबईत मालाडच्या समुद्राकाठीही आहे. नावावर भरवसा ठेवणारं टेबल समुद्रकिनारा शोधणाऱ्याला भातखाचरांच्या हिशेबात धरेल. गावांचं वेगळं टेबल, त्यात तालुका आणि जिल्हा, आणि भेटींच्या टेबलात फक्त गावाचा क्रमांक, हाच खात्रीचा मार्ग.

वेळ नेहमी जागतिक प्रमाणवेळेत साठवावी, पण दिवसाची बेरीज आपल्या वेळेने करावी. जागतिक वेळेने बेरीज केली तर आपली रविवारची पहाट, मध्यरात्रीपासून साडेपाचपर्यंतची, शनिवारच्या खात्यात जाते. पावसाळ्यात माळशेजला निघणारे नेमके त्याच पहाटे फोन उघडून रस्ता पाहत असतात.

आता क्रमांकांकडे. या सगळ्या टेबलांत सर्वांत वेगाने वाढणारं टेबल पाहणीचं. सेकंदाला एक ओळ या वेगाने ३२ बिटांचे क्रमांक ६८ वर्षं पुरतात. सेकंदाला दहा म्हटलं तर पावणेसात वर्षं. शंभर म्हटलं तर २४८ दिवस. हाच २४८ चा आकडा २०१५ साली विमानात निघाला होता. बोइंग ७८७ च्या जनित्रांची नियंत्रण यंत्रणा सलग २४८ दिवस चालू राहिली तर तिच्यातला गणक ओसंडून वीज जाऊ शकते, म्हणून वीज अधूनमधून बंद करून सुरू करा, असा आदेश अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने काढला होता.

मढच्या एका केंद्राला सेकंदाला शंभर पाहणी कुठून येणार, असं कोणी म्हणेल. पण क्रमांक फक्त ओळींनी संपत नाहीत, आणि हे पुष्कळ जाणत्यांच्याही लक्षात नसतं. ‘ब्राउझर-खुणा’ टेबलात आपण सहज लिहितो: खूण नवी असेल तर ओळ घाल, जुनी असेल तर ‘शेवटची भेट’ एवढंच बदल. मायएसक्यूएलचं यंत्र आधी पुढचा क्रमांक काढून घेतं, मग पाहतं की ही खूण जुनीच आहे, जुनी ओळ बदलतं, आणि काढलेला क्रमांक वाया जातो. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्येही क्रमांक परत येत नाही. असं टेबल उघडलं तर ओळी पाच हजार आणि शेवटचा क्रमांक काही लाखांत, असं दिसू शकतं. त्यात साइटवर फिरणाऱ्या यंत्रांची भर. ती रात्रंदिवस येतात आणि कुकी जपून ठेवत नसल्यामुळे प्रत्येक वेळी नवा पाहुणा होऊन येतात. जुन्या ओळी पुसल्या तरी त्यांचे क्रमांक मोकळे होत नाहीत. म्हणून ओळी मोजून निर्धास्त राहू नये. पाहायचा तो शेवटचा क्रमांक आणि तो मर्यादेच्या किती जवळ आला ते. मायएसक्यूएलच्या ‘सिस’ स्कीमात हे गुणोत्तर दाखवणारा तयार व्ह्यू आहे. निम्म्यावर आलं की इशारा वाजावा एवढी सोय एका दुपारात होते.

आणि बिगइंट पहिल्या दिवसापासून घ्यावा. ओळीमागे चार बाइट जास्त जातात. दोनशे चौदा कोटी ओळी झाल्या तरी हा जादा खर्च साडेआठ जीबीच्या आसपास, आजच्या साध्या फोनातही मावेल एवढा. त्या बदल्यात सेकंदाला हजार ओळी लिहिल्या तरी क्रमांक सुमारे २९ कोटी वर्षं पुरतात. एक गोष्ट मात्र विसरू नये: भेटींचा क्रमांक बिगइंट केला आणि पाहणीत त्याला जोडणारा कॉलम साधाच ठेवला, तर अपघात फक्त एक टेबल पुढे सरकतो.

ओळी कायम ठेवायच्या का, हाही प्रश्न टेबल लिहितानाच सोडवावा. पाहणीचं टेबल महिन्यामहिन्याच्या भागांत कापून ठेवलं, दर महिन्याची बेरीज वेगळ्या टेबलात काढली आणि जुना भाग काढून टाकला, तर टेबल कधीच अवाढव्य होत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही हेच सांगतो, की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती ठेवू नये. लोक गडवाट शोधायला आलेत. त्यांचे पत्ते वर्षानुवर्षं सांभाळण्याचा आपल्याला काही हक्क नाही.

रात्री १०:२६

शिकागोत सकाळचे ११ वाजत आलेत. डेटाबेसचा बदल पूर्ण झाला, कॉलम रुंद झाला. तरी सेवा उघडली नाही. प्रती जुळतात का, सगळी माहिती शाबूत आहे का, उघडताक्षणी पुन्हा तोच अडसर येणार नाही ना, याची तपासणी सुरू झाली, आणि ती अपेक्षेपेक्षा लांबली. गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना तपासणी अर्ध्यावर न सोडणं हे त्या दिवसातलं सर्वांत अवघड काम असणार.

११:५२

सेवा सुरू झाली.

१२:०३

पुन्हा अडखळली. इतके तास खोळंबलेले सगळे एकदम आत शिरले आणि वारंवार लागणारी माहिती तात्पुरती धरून ठेवणारा कॅश सर्व्हर त्या रेट्याखाली दबला. टेबल आता ठणठणीत होतं. गर्दी दुसऱ्या दाराशी झाली.

१२:११

राखीव कॅश सर्व्हर लावल्यावर बेसकॅम्प उभं राहिलं. एकही नोंद हरवली नाही. हॅन्सन यांनी हा क्रम मिनिटांसकट जाहीर लिहिला आणि दोष आपल्याकडेच घेतला. तो लिहिला म्हणूनच आज इथे बसून आपल्याला तो वाचता येतो. आपल्याकडे सरकारी आणि खासगी संकेतस्थळं बंद पडतात तेव्हा ‘तांत्रिक कारणास्तव’ या दोन शब्दांपलीकडे क्वचितच काही कळतं, आणि मग पुढच्या गावातल्या मुलाला तीच ठेच पुन्हा लागते.

मंगळवार, १९ जानेवारी २०३८, सकाळी ८:४४:०७

हा क्षण अजून यायचा आहे. पुष्कळ संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. हे सेकंद जिथे जिथे ३२ बिटांत ठेवले आहेत, तिथे ते या क्षणी त्याच २,१४,७४,८३,६४७ वर पोचतील. मायएसक्यूएलचा ‘टाइमस्टॅम्प’ हा कॉलम याच क्षणापर्यंतची वेळ धरतो. ‘डेटटाइम’ला ही अडचण नाही. आणि २०३८ पर्यंत थांबण्याचीही गरज नाही. भविष्यातली तारीख लिहिणारं टेबल, दीर्घ मुदतीच्या कर्जाचा शेवटचा हप्ता असो की वीस वर्षांचा भाडेकरार, आजच त्या सीमेला धडकतं. मढच्या त्या भेटींच्या टेबलात वेळेचा कॉलम ‘टाइमस्टॅम्प’ असेल, क्रमांकाचा कॉलम साधा पूर्णांक असेल, तर दोन्ही आजच बदलून घ्यावेत. ओळी काही हजार आहेत तोवर हे काम काही सेकंदांचं आहे.